तंबूतला घट

फिजिओथेरपीच्या ताईंनी भिंतीवर चिकटवायला एक कागद दिला होता. त्यावर रोजचे आठ चौकोन. आई वॉकर धरून उठली आणि चार पावलं चालली की एका चौकोनात खूण करायची. पहिल्या महिन्यात एकाही दिवशी तीनच्या वर खुणा झाल्या नाहीत. त्या तीनही माझ्या आणि बायकोच्या कटकटीमुळे झालेल्या.

आई गावी, कऱ्हाटीला गोठ्यात घसरून पडली होती. खुबा मोडला. बारामतीत ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हाड जुळेल, त्याची काळजी करू नका. पण दिवाळीपर्यंत ह्या आपल्या आपण घरभर चालायला लागल्या नाहीत, तर पलंग धरतील. मग उठवणं अवघड आहे." थोरल्या भावाचं घर रानात. अंगण उंचसखल आणि संडास लांब. म्हणून आईला माझ्याकडे इंदापूरला आणलं. मी इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. भाऊ रानात राहिला म्हणून मी शिकू शकलो, आणि आई मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या डोक्यावर घेऊन सुप्याच्या बाजारात बसली म्हणून माझ्या वह्या-पुस्तकांचं कधी अडलं नाही. त्यामुळे तिला इथे आणण्यात उपकाराचा काही प्रश्नच नव्हता. तरी खरं सांगायचं तर मी दमलो होतो. पहाटे तिचं सगळं आवरायचं, मग शाळा, परत आलो की पुन्हा तिची उठबस. बायको घरीच ब्लाउज शिवते. दिवसभर मशीनवरून उठून तिला आईजवळ जावं लागे. रात्री आम्ही दोघं एकमेकांशी न बोलताच झोपायचो. भांडण झालेलं नसायचं, बोलायला अंगात काही उरलेलं नसायचं.

आईचा प्रश्न एकच असे. "उठून करू काय?"

मी म्हणायचो, "फिर जरा."

"कुठं फिरू? हितं रान हाय का गोठा हाय? पलंगावरनं उठायचं आन् खुर्चीवर बसायचं. त्यापरीस पलंग काय वाईट हाय?"

तिचं खोटं नव्हतं. आमचं भाड्याचं घर तळमजल्यावर, मागच्या बाजूला. शेजारची इमारत इतकी जवळ आली आहे की खिडकीतून भिंतच दिसते. भरदुपारी हॉलमध्ये दिवा लावावा लागतो. गच्चीवर ऊन भरपूर आहे, पण जिना चढायचा कुणी? मी एकदा खिडकीत कुंडीत मेथी लावून पाहिली. ती सुतासारखी लांब आणि फिकट होऊन आडवी पडली. आईनं पलंगावरून नजर टाकली आणि म्हणाली, "मास्तर झालास, पर मेथी लावता आली न्हाय."

त्या वाक्यात मला पहिल्यांदा जुनी आई ऐकू आली. म्हणून मी ठरवलं, घरात उजेड आणायचा.

शाळेच्या कॉम्प्युटरवर मधल्या सुट्टीत मी शोधायला लागलो. घरात झाडं वाढवायचे तंबू मिळतात. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर बाहेरून काळं जाड कापड, आतून चांदीसारखं चकचकीत, म्हणजे दिव्याचा उजेड वाया न जाता झाडांवरच परत पडतो. पुढे चेन. दोन फूट बाय दोन फुटापासून खोलीएवढ्या मापापर्यंत. माझ्या मनात मोठाच घ्यावा असं होतं. गरिबीत वाढलेल्या माणसाला एकदा घ्यायचंच ठरलं की मोठं घ्यावंसं वाटतं. बायकोनं तिची मोजपट्टी आणली, कपाट आणि खिडकी यांच्यामधला कोपरा मोजला आणि म्हणाली, "मोठा आणलात तर झाडं आत राहतील आणि आपण बाहेर रस्त्यावर."

शेवटी दोन बाय चार फुटांचा ठरला. उंचीला मात्र मी पाच फुटांचा घेतला, कारण आईला वाकायला बंदी होती. कुंड्या खाली न ठेवता विटांवर फळी टाकून मांडीच्या उंचीवर ठेवायच्या आणि वर दिवा टांगायला जागा उरायला हवी, असा हिशोब. दिव्याचं मात्र कळेना. एका रविवारी बारामतीला गेलो. शेडनेट आणि ठिबकचं सामान विकणाऱ्या एका दुकानात कुणीतरी सांगितलं म्हणून शिरलो. दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "राव, गाव कोणतं?"

"कऱ्हाटी."

"मग रान असताना घरात का पेरताय?"

मी आईचं सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी मागून दोन दिवे काढले. एक जांभळ्या उजेडाचा, एक पांढरा. "जांभळ्यावर पीक येतं, पण त्यात आजारी माणूस आणखी आजारी दिसतं. म्हातारीच्या खोलीत पांढराच लावा. वीतभर खाली-वर करता येईल असा टांगा. लांब राहिला तर रोप उजेड शोधत उंच जातंय आणि पडतंय. जवळ असला की बुटकं, दणकट येतंय."

हे मी वर्गात शिकवत आलो होतो. तरी कागदावर लिहून घेतलं.

तंबू कुरिअरनं आला त्या दिवशी शाळेतून आल्यावर आम्ही तो उभा करायला घेतला. नळ्यांवर नंबर नव्हते. लांबीच्या नळ्या रुंदीला लावल्या, मग सगळं सोडवलं. कापड चढवताना एक कोपरा चढला की दुसरा निघायचा. घरमालक तात्या दारात येऊन उभे राहिले.

"मास्तर, घरात मळा करताय म्हणं. विहीर कुठं खणताय?"

"आधी तंबू तर उभा राहू द्या, तात्या."

पलंगावरून आई म्हणाली, "तात्या, ही मच्छरदाणी हाय. डास लय शिकलेत, उजेडात चावत्यात."

तात्या हसत हसत आत आले आणि त्यांनी एक बाजू धरली, तेव्हा कुठे तंबू उभा राहिला. मग लक्षात आलं की लोखंडी कपाटाचं दार आता अर्धंच उघडतं. मी कोपरा मोजला होता, दार मोजलं नव्हतं. कपडे काढताना अजूनही हात वाकडा घालावा लागतो. बायकोनं माझे शर्ट त्या अडचणीच्या बाजूला हलवले.

आत दिवा टांगला, वर हवा बाहेर टाकणारा छोटा पंखा बसवला, दिवा सकाळी लागावा आणि रात्री विझावा म्हणून टायमर लावला. मेथी, कोथिंबीर, चार टोमॅटोची रोपं. पंख्याच्या घरघरीवर आई म्हणाली, "हिरीवर मोटार चालल्यावानी वाटतंय. झोप लागंल बरी."

पंधरा दिवसांत मेथी बोटभर आली, ताठ आणि काळसर हिरवी. आई पलंगावरून उठून वॉकरवर चार पावलं चालत तंबूपर्यंत यायला लागली. फळीसमोर खुर्चीत बसून दाट झालेली मेथी विरळ करायची आणि काढलेली रोपं ओंजळीत घेऊन वास घ्यायची. कागदावर पाच, कधी सहा खुणा व्हायला लागल्या. मला वाटलं, जिंकलो.

पण गाडी त्या चार पावलांवरच अडली. पलंग ते तंबू, तंबू ते पलंग. संडासाला जायलाही तिला आमचा खांदा लागायचा. स्वयंपाकघराला बोटभर उंच उंबरा आहे, तिथे तर ती बघायचीसुद्धा नाही. ताई म्हणाल्या, "उंबरा ओलांडायला पाहिजे. पाय उचलायची भीती गेली पाहिजे." आई म्हणायची, "आत तुजी बायको हाय की. माजं काय काम?" दिवाळी जवळ येत होती. मी रोज कागदाकडे बघायचो. सहा खुणा, आणि सगळ्या त्याच चार पावलांच्या.

नवरात्र तोंडावर आलं. आईचा घट कधी चुकला नव्हता. माझ्या जन्माच्या वर्षीही तिनं ओली बाळंतीण असताना आजीला घटापाशी बसवून, लांबून सांगून बसवून घेतला होता म्हणे. भाऊ म्हणाला, "आई जितं, घट तितं." तो कऱ्हाटीहून रानातली काळी माती, परडी, मातीचा घट आणि देवीचा टाक फडक्यात बांधून घेऊन आला. आता घट बसवायचा कुठे? देव स्वयंपाकघरात, भिंतीवरच्या फळीवर. आईचा हात तिथे पोचत नाही आणि उंबऱ्याच्या आत ती जात नाही. घट तर तिच्या नजरेसमोर पाहिजे.

तंबूच सुचला. सोवळ्या-ओवळ्याची सोय होती, चेन लावली की कुणाची सावली पडायची नाही. समोर खुर्ची होतीच. आईनं थोडा वेळ तंबूकडे बघितलं आणि म्हणाली, "चालंल. देवीला मखर झालं." कुंड्या एका बाजूला सरकवून फळीवर परडी ठेवली, तिच्यात माती पसरली, सात धान्यं पेरली, मधे पाण्यानं भरलेला घट. वर दिव्याच्या दोरीलाच पानांची पहिली माळ बांधली.

अडचण अखंड दिव्याची आली. नऊ दिवस समई विझता कामा नये, आणि कापडाच्या तंबूत उघडी ज्योत ठेवणं म्हणजे आगीला बोलावणं. बाहेर ठेवावी तर कपाट, मशीन, कपड्याचे तुकडे. रात्री-अपरात्री उठून तेल कोण घालणार? खरं तर मला हा शेवटचा प्रश्नच जास्त सतावत होता. मी म्हणालो, "आई, हा वरचा लाईट आहे ना. टायमर काढून टाकतो. नऊ दिवस रात्रंदिवस चालू राहील. हाच अखंड दिवा."

"लाईट गेली म्हंजी?"

"तात्यांच्या इन्व्हर्टरवर जोडतो."

आईनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं. तुमी शिकलेली मानसं. तुमाला ठाव."

तो मान होता की शरण जाणं, ते मला तेव्हा कळलं नाही. मी कळून घेतलंही नाही. मला एक काम कमी हवं होतं.

आमच्याकडे घट घरात अंधाऱ्या जागी बसतो. नऊ दिवसांत त्याची रोपं हातभर लांब, लोण्यासारखी पिवळी येतात. जितकी लांब तितकं वर्ष चांगलं. दसऱ्याला ती उपटून पुरुषांच्या टोपीत खोवतात आणि गावात लोक एकमेकांच्या टोप्यांकडे बघून अंदाज बांधतात. हे सगळं मला माहीत होतं. उजेडात रोप बुटकं राहतं हेही माहीत होतं, दुकानदाराचं वाक्य माझ्या खिशात कागदावर होतं. पण एक गोष्ट घरची आणि दुसरी शाळेची. माझ्या डोक्यात त्या दोन वेगळ्या खोल्यांत राहतात. त्यांची गाठ पडली नाही.

पाचव्या माळेला आईनं चेन उघडली आणि परडीतल्या रोपांवरून बोट फिरवून बघितलं. मी शाळेला निघालो होतो. जवळ जाऊन बघितलं. परडीत गहू, ज्वारी, मका सगळं उगवलं होतं. दोन बोटं उंच, गच्च हिरवं. रानातल्या पिकासारखं.

"छान आलंय की," मी म्हणालो.

"हे छान?" ती म्हणाली. "हे घटाचं हाय का? खुंटलंय सगळं. जल्मात असला घट बगितला न्हाय." मग हळूच, "देवीला पटलं न्हाय. मी पलंगावरनं बसीवला. पाय न टेकता."

मी समजावायला लागलो. उजेड, हरितद्रव्य, अंधारात खोड का लांबतं. सगळा धडा म्हणून झाला. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजी तुला ठावं हुतं?"

"हो."

"आन् तरी दिवा चोवीस तास लावलास?"

ती पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. त्या दिवशी कागदावर एकही खूण झाली नाही. बायको आईला आत्या म्हणते. संध्याकाळी तिनं सांगितलं, "आत्या जेवल्या नाहीत. मी दोनदा उठवलं. म्हणाल्या, माजं वरीस कळलं मला." बायकोचे डोळे सुजले होते. मी चप्पलसुद्धा न काढता खाली बसलो. इतक्या दिवसांची सगळी उठबस, आणि एका दिव्यानं ती मातीत घातली होती. तो दिवा मीच टांगला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परडी बाहेर काढून कपाटामागे अंधारात ठेवायचा विचार केला. हात घालणार तेवढ्यात पलंगावरून आवाज आला.

"हात लावू नगं. बसल्याला घट हलवत न्हाईत."

"मग लाईट बंद करू? अजून चार दिवस आहेत. अंधारात वाढेल."

"अखंड दिवा इझवतोस?"

घट हलवायचा नाही, दिवा विझवायचा नाही, आणि उजेडात तो वाढायचा नाही. मी तसाच उभा राहिलो. आई उठून बसली. तिनं विचार केलेला दिसत होता, कदाचित रात्रभर.

"दिवा इझवायचा न्हाय," ती म्हणाली. "हलवायचा. आदी दुसरीकडं लावायचा, मग ह्यो बंद करायचा. समई हाय का घरात?"

"देवाजवळ आहे. मी लावतो."

"तू न्हाय. घट माज्या हातचा हाय. दिवा बी माज्याच हातचा लागतो."

तिनं वॉकर ओढला. पहिली चार पावलं झाली, तंबूपाशी ती थांबली नाही. मी पुढे झालो तर तिनं कोपरानं मला बाजूला केलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी ती उभी राहिली. आत बायको पोळ्या करत होती, तिनं गॅस बारीक केला आणि लाटणं हातात तसंच धरून बघत राहिली. आईनं वॉकरचे पुढचे दोन पाय उंबऱ्याच्या आत टेकवले. तिच्या हातांच्या शिरा फुगल्या होत्या. ताईंनी सांगितलं होतं, आधी चांगला पाय आत, मग ऑपरेशनचा. तिला ते आठवलं की नाही कोण जाणे. ती "आई अंबे" म्हणाली आणि ऑपरेशनचाच पाय आधी उचलला.

बायको म्हणाली, "आत्या, तो नाही—"

"गप," आई म्हणाली. पाय आत टेकला होता.

बायकोनं समई ओट्यावर काढून दिली. आईनं वात लावली, तेल घातलं, काडी ओढली. दोन्ही हात वॉकरवरून सुटलेले आहेत हे तिच्या लक्षात आलं नाही. ज्योत स्थिर झाल्यावर तिनं तिकडूनच हाक मारली, "आता कर बंद तुजा लाईट." मी स्विच बंद केला. मेथी, कोथिंबीर, टोमॅटो, सगळ्या कुंड्या काढून गच्चीवर नेल्या. तंबूची चेन लावली. घट बसल्यापासून आतमध्ये पहिल्यांदाच काळोख झाला.

पुढचे चार दिवस ती समईत तेल घालायला स्वतः जात होती. कुणी घातलं तर तिला चालायचं नाही. दोन-दोन तासांनी वॉकरची रबरी टोकं फरशीवर वाजायची, मग उंबऱ्यापाशी थांबायची, मग आत. जाताना तंबूची चेन बरोबर लागलेली आहे का बघायची. उजेडाची फट दिसली की बायकोवर ओरडायची, आणि तिथे उभ्या उभ्या ब्लाउजच्या गळ्यावरही मत द्यायची. बायको मला म्हणाली, "पडून होत्या तेव्हा बरं होतं का, असं वाटायला लागलंय." असं म्हणून ती कितीतरी दिवसांनी हसली.

दसऱ्याला चेन उघडली. घट वाढला होता. वीतभर, त्याहून थोडा जास्तच. पण असा घट आमच्यात कुणी पाहिला नसेल. शेंडे हिरवे आणि त्याखाली सगळं पिवळं. गवताचं पान बुडाकडून वाढतं, म्हणून जुना हिरवा भाग वर ढकलला गेला होता. मी हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

आईनं एक रोप उपटून उजेडाकडे धरलं. तात्याही आले होते. "काय म्हणतंय वरीस?" त्यांनी विचारलं.

"आदी खुंटलं, मग आलं," ती म्हणाली. मी टोपी घालत नाही, म्हणून रोपं तिनं माझ्या कानामागे खोवली. एवढा वेळ आधाराशिवाय उभी होती ती.

मला भीती दुसऱ्या दिवसाची होती. घट उठला, समई शांत झाली, आता स्वयंपाकघरात तिचं काय काम? सकाळी मी पलंगावर बघितलं तर ती नव्हती. आतून आवाज येत होता. "सरक जरा. चहात आलं असं घालत्यात व्हय? ठेच की."

चहा पिताना ती मला म्हणाली, "त्या तंबूत मेथी लाव पुन्ना. पर रातीचा लाईट बंद करत जा. झाडाला बी झोप पायजे."

"हो," मी म्हणालो. मलाही झोप येत होती. रविवार होता. मी टायमर पुन्हा जोडला आणि तिथेच, तिच्या रिकाम्या पलंगावर आडवा झालो. समोर भिंतीवर ताईंचा कागद होता. गेल्या पाच दिवसांचे सगळे चौकोन रिकामे होते. खुणा करायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं.